लालीबाईच्या नावावरची पोर

रुखमाबाई कोणाला भ्याल्याचं बोरवाडीत कोणी पाहिलं नव्हतं. गावात भांडण पेटलं आणि ती कापूस वेचायला गेलेली असली, तर लोक म्हणत, थांबा रे, रुखमाबाई येऊ द्या, मग रंगत येईल. पाटलाच्या गड्यानं एकदा विहिरीपाशी तिची घागर पायानं लोटली, तेव्हा तिनं त्याला असं काही सुनावलं की पुढं तो गडी तिला लांबून पाहिलं तरी वाट बदलून जाई. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर घरातले देव उचलायला नवरा बाबाराव कचरत होता. उद्या पाहू, परवा पाहू चाललं होतं. रुखमाबाईनं पदर खोचला, देव टोपल्यात घातले आणि नाल्यात सोडून आली. येताना त्याच टोपल्यात घोळाची भाजी खुडून आणली आणि संध्याकाळी कालवण केलं.

अशी ही बाई एका साध्या वाक्याला मात्र भीत होती. 'ही माझी मुलगी', एवढंच ते वाक्य. पोटची मुलगी प्रभावती डोळ्यांपुढं वाढली, भाकरी थापायला लागली, सातवीपर्यंत शिकली, पण तिच्याबद्दल कोणी विचारलं की रुखमाबाई म्हणे, "लालीची हाये. माह्याकडं वाढून राह्यली."

यामागं कारण होतं. प्रभावतीच्या आधी तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा म्हातारी सुईण मैनाबाई तिला म्हणाली, "हे आपलं म्हनू नको बापा. इकून टाक." तिकडं असा रिवाजच होता. ज्यांची मुलं जगत नसत ती माणसं नवं मूल दुसऱ्याला विकत, म्हणजे नावापुरतं. जिची पोरं धडधाकट आहेत अशी बाई पाहायची, तिनं पसाभर धान्य द्यायचं, मूल उचलायचं आणि मग 'माझं लेकरू सांभाळ' म्हणून त्याच आईच्या मांडीवर ठेवून द्यायचं. मरण दारात आलंच, तर या घरात त्याला नेण्याजोगं काही सापडू नये, हा त्यातला कावा. तांड्यावरची लालीबाई गावात जळतण विकायला येई. तिची पोरं दगडधोंड्यांसारखी टणक, पाऊस ना ऊन बघता उंडारायची. पाचवीच्या दिवशी तिनं रुखमाबाईच्या पदरात पसाभर ज्वारी टाकली, सुपातली मुलगी उचलली, तिच्या टाळूचा मुका घेतला आणि म्हणाली, "मारी छोरी हाये ही. नीट पाह्यजो व."

इथवर सगळं रिवाजाप्रमाणं झालं. पुढचं मात्र रुखमाबाईच्या एकटीच्या डोक्यातून निघालं.

बाबाराव तेव्हा गावचा कोतवाल होता. कोणाकडं मूल झालं, कोण गेलं, याची वर्दी पाटलाला देणं हे त्याचं काम. पाटील ती जन्ममृत्यूच्या बुकात चढवी आणि भरलेली बुकं पुसदच्या तहसिलीत जाऊन पडत. पहिल्या दोन्ही मुलांच्या जन्माची वर्दी बाबारावानंच दिली होती, आणि थोड्याच दिवसांत मरणाचीही त्यालाच द्यावी लागली. त्यावरून रुखमाबाईच्या मनानं घेतलं की मरणाला आपल्या घराचा पत्ता त्या बुकातूनच लागतो. सगळ्या गावाला मुलगी लालीची म्हणून सांगायची आणि सरकारच्या बुकात बाबारावाची म्हणून लिहून ठेवायची, मग एवढं सोंग करून उपयोग काय? "वर्दी द्याची तं लालीच्या घरची द्या," तिनं नवऱ्याला बजावलं. बाबाराव आधी हसला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि गुमान जाऊन पाटलाच्या ओट्याखाली उभा राहिला. तांड्यावर हरिसिंगाकडं मुलगी झाली, असं त्यानं सांगितलं. हरिसिंग म्हणजे लालीबाईचा नवरा. पाटलानं मान वर न करता लिहून घेतलं.

मुलगी जगली. आणि अशी खणखणीत आवाजाची निघाली की ती रडायला लागली की लालीबाईला तांड्यावर कळे. बोलायला लागल्यावर ती लालीबाईला 'याडी' म्हणायला शिकली, म्हणजे लमाणांच्या बोलीत आई. रुखमाबाईला ती 'बाई' म्हणे. तिनं पहिल्यांदा 'बाई' अशी हाक मारली, त्या दिवशी रुखमाबाई चुलीपुढं बसून धुराच्या नावाखाली पोटभर रडली.

दीक्षेनंतर नजर, उतारे, सटवी हे सगळं घरातून गेलं. बाबारावानं कोतवालकीही सोडली. पण ते एक वाक्य काही रुखमाबाईच्या जिभेवर आलं नाही. डोक्याला सगळं पटलं होतं, पोटाला पटत नव्हतं. पुढं दोन-तीन वर्षांनी बाबाराव तापानं गेला आणि बुकात काय लिहिलंय हे ठाऊक असलेली ती एकटीच उरली.

प्रभावतीला मास्तरीण व्हायचं होतं. यवतमाळला ट्रेनिंगची सोय होती, राहायला जागा होती, जेवायची व्यवस्था होती. अट एकच, सतरा वर्षं पुरी पाहिजेत. ती तर भरली होती, पण शाळेच्या दाखल्यावर पंधराच भरत होती! हा प्रताप रामराव मास्तरांचा. बाबारावानं तिला शाळेत नेलं तेव्हा ती चांगली आठ वर्षांची होती, पण अंगानं किडकिडीत. मास्तरांनी रिवाजाप्रमाणं तिला उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला. बोटं जेमतेम कानाला टेकली. मास्तरांनी ठरवलं, सहा वर्षांची, आणि तशी तारीख ठोकून दिली. आता ते बिचारे खजील झाले होते. "तहसिलीतून जन्माची नक्कल आणा, सहीशिक्क्याची," ते म्हणाले. "मी वरून तारीख दुरुस्त करून आणतो. पण लवकर करा, अर्जाची मुदत फार नाही."

यंदा हुकलं तर पुढल्या वर्षाची आशा नव्हती. रुखमाबाईचा दीर राजूरच्या खाणीवर कामाला होता, तो तिथलंच स्थळ घेऊन दोनदा येऊन गेला होता. मुलगा वाईट नव्हता. पण प्रभावती पाहुण्यांना पाणी देऊन आत आली की पुस्तक उघडून बसे आणि एकही पान उलटत नसे.

म्हणून दोघी पुसदला तहसिलीत गेल्या. नकला देणारे कारकून सदाशिवराव खिडकीपाशी बसत. रुखमाबाई सवयीनं पायऱ्यांखाली, लांब उभी राहिली. भांडणात सात गावांना भारी असलेली बाई, पण पाटलाच्या ओट्यापुढं उभं राहायची जी जागा पायांना ठाऊक होती तिथंच पाय थांबले.

"बाई, वर या," सदाशिवराव म्हणाले. "तिथून ओरडाल तर मला काय कळेल?"

ती वर गेली. "साहेब, जन्माच्या बुकाची नक्कल आमाले भेटते का? का पाटलालेच लागते?"

"पाटलाचा काय संबंध? कोणालाही मिळते. अर्ज करा, तिकीट लावा, गाव सांगा, साल सांगा. बुक सरकारच्या कपाटात असलं तरी नोंदी तुम्हा लोकांच्याच आहेत ना?"

ज्या बुकाला ती इतकी वर्षं भ्याली, ते असं खिडकीवर मागितलं की मिळतं! हे आधी कोणी सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, पण सांगणार कोण होतं? प्रभावतीनं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. बापाचं नाव बाबाराव. रुखमाबाईनं तिला थांबवलं नाही. बाबारावानं आपल्याला फसवून, गुपचूप खरंच लिहवलं असेल, अशी एक वेडी आशा तिला होती. तसा तो शहाणा माणूस होता.

पण तो बायकोला भिणाराही होता. आठवड्यानं गेल्यावर सदाशिवरावांनी अर्ज परत केला. त्यावर शेरा होता, नोंद आढळत नाही. "मी मागचं-पुढचं सालही पाहिलं," ते म्हणाले. "बाळंतपण माहेरी झालं असेल तर त्या गावचं बुक पाहावं लागेल."

प्रभावती पायऱ्यांवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मुदतीतले दिवस असेच गेले होते. रुखमाबाई तिच्याशेजारी टेकली, लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हरिसिंगाच्या नावानं माग."

"काय माग?"

"नक्कल. तुह्या बापानं तुले हरिसिंगाची म्हनून लिवलं हाये. मीच सांगतलं होतं."

प्रभावतीचं रडं थांबलं. आपल्याला लालीयाडीला विकलं होतं हे तिला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यावरून मुलं तिला चिडवत आणि तीही हसे. पण हे?

"सरकारच्या बुकातबी इकलं मले? काहून व बाई?"

"तू जगाले पाह्यजे होती म्हनून. दोन गेलते ना तुह्या आंधी."

"आन् आता? आता तं आपून हे सारं सोडलं. आता मी तुले माय म्हनू का नको?"

"नको म्हनू," रुखमाबाई पटकन बोलून गेली. आपण काय बोललो हे कळल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला. चिडावं की रडावं हे प्रभावतीला समजेना. मग ती उठली, डोळे पुसले आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन नवा अर्ज लिहायला बसली.

नोंद सापडली. पण सदाशिवराव डोकं खाजवायला लागले. "हे पाहा, नक्कल म्हणजे बुकात आहे तेच, अक्षर न् अक्षर. यात बाप हरिसिंग, जात बंजारा. मास्तर म्हणतील, ही दुसऱ्याचीच मुलगी. मूळ नोंद खोडता येत नाही. नायब साहेबांपुढं जबान्या द्या. ज्यांचं नाव लागलंय त्यांना आणा. साहेबांना पटलं तर ते शेऱ्याच्या रकान्यात खरं काय ते लिहायचा हुकूम देतील, आणि मग मी शेऱ्यासकट नक्कल देईन."

तांड्यावर हे ऐकून हरिसिंग हातातली विडी विसरला. "मी बाप? इतले वर्स झाले, मले कोनी सांगतलं नाई!"

"तुले सांगून काय करतं? तू काय दूध पाजनार होता?" लालीबाई हसून हसून बेजार झाली. मग एकदम गंभीर होऊन तिनं ओंजळ पुढं केली. "येतो आमी. पन माही ज्वारी वापस दे. सौदा फेडल्याबिगर छोरी कशी सोडू?"

"याडी, आमी हे सारं सोडलं व," प्रभावती म्हणाली.

"तुमी सोडलं असन. मी कुठं सोडलं?"

रुखमाबाईनं घरून ज्वारी आणली आणि पसाभर लालीबाईच्या ओंजळीत ओतली. लालीबाईनं दाणे छातीशी धरले, क्षणभर डोळे मिटले आणि तिथंच कोंबड्यांपुढं फेकून दिले. "झालं. उद्या किती वाजता याचं?"

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार चंद्रशेखर यांच्यापुढं चौघं उभी राहिली. साहेब तरुण होते, चष्मा लावत, आणि कागदावरून मान क्वचितच उचलत. हरिसिंगानं सांगितलं की मुलगी त्याची नव्हे, त्याला तर कालच कळलं. मग लालीबाईची पाळी आली.

"जनम हिनं देला साहेब," ती रुखमाबाईकडं बोट करून म्हणाली. "मी निस्ती इकत घेतली."

साहेबांची मान एकदम वर आली. दारातला चपराशीही आत डोकावला. "विकत घेतली? मूल विकत घेतलं? हा गुन्हा आहे, बाई!"

लालीबाई घाबरली नाही, पण हरिसिंग हळूच दाराकडं सरकायला लागला. प्रभावतीच पुढं झाली आणि तिनं सगळा रिवाज नीट समजावून सांगितला. सुपातली मुलगी, पसाभर धान्य, आधी गेलेली दोन भावंडं. साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात आपल्याच नाकाकडं गेला.

"माझं नाक टोचलेलं आहे," ते जरा ओशाळून म्हणाले. "आईनं मला पाच वर्षं झबली-परकर घालून मुलगी म्हणून वाढवलं. माझ्या आधीही दोघं गेले होते." त्यांनी चष्मा पुसला. "बरं. आता तुम्ही सांगा, रुखमाबाई. ही मुलगी कोणाची?"

रुखमाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं सोपं उत्तर, पण तिच्या डोळ्यांपुढं ते दोन रिकामे पाळणे आले. इथं सरकारच्या कचेरीत, सरकारच्या माणसापुढं आपण हे बोलायचं, तो ते लिहिणार, आणि उद्या पोरीला काही झालं तर? लालीबाईनं कोपरानं ढोसलं. प्रभावती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून उभी होती, तिच्या ओठावर घाम आला होता आणि उपाशी असल्यानं तिचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल असं गुरगुरलं. ती अगदी जिवंत होती. तिला भूक लागली होती.

"बाई, तुम्ही बोलल्याशिवाय मला लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले.

"माही," रुखमाबाई म्हणाली.

"जरा मोठ्यानं."

"माही हाये साहेब! माह्या पोटची हाये. कापूस फुटला होता, दिवस कलला होता, मैनाबाईनं नाळ कापली. पायाळू होती. मी मेलीच होती. पह्यला दात आला तं हिनं माह्यं बोट फोडलं. गोवर निंगाला तवा आठ दिवस मांडीवरून खाली ठेवली नाई. हिले वांग्याची भाजी आवडते. झोपीत बडबडते..."

"पुरे, पुरे," साहेब हसू दाबत म्हणाले. "एवढं लिहायची गरज नाही."

"लिवा साहेब. सतरा वर्साचं बोलाचं राह्यलं हाये."

साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि तिला बोलू दिलं. ती रडत होती आणि बोलत होती, आणि कचेरीतलं कोणी तिला गप्प करायला गेलं नाही.

हुकूम झाला. नक्कल तयार झाल्यावर तिचा मुकाबला होतो, म्हणजे एकानं मूळ बुक मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेवर नजर ठेवायची. दोघी खिडकीबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. त्या बुकात बापाच्या नावाला रकाना होता, जातीला होता, गावाला होता, आईच्या नावाला नव्हता. जिल्ह्यातल्या कुठल्याच पोराच्या नोंदीत आई नसायची. पण इथं जबानी आईची होती, त्यामुळं शेरा लिहिताना सदाशिवरावांना तिचं नाव घालावंच लागलं. आतून त्यांचा सपाट, सर्दाळलेला आवाज आला, "सदर मुलगी ही बोरवाडीचे मयत बाबाराव कोतवाल यांची असून तिची आई रुखमाबाई, हिनं समक्ष जबानी दिली..." दुसरा कारकून म्हणाला, "बरोबर." मग शिक्का आपटल्याचा आवाज झाला.

मास्तरांनी शब्द पाळला. तारीख दुरुस्त झाली, अर्ज गेला आणि प्रभावतीला जागा मिळाली. मधले दिवस रुखमाबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. प्रभावती शिंकली तरी ती दचके. एकदा पोरीला साधं पडसं झालं तर रुखमाबाईनं दोन दिवस मजुरी बुडवून तिच्या उशाशी बसून काढले, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी उठून वांग्याची भाजी मागायला लागली तेव्हा तिनं दोन दिवसांचा सगळा राग काढून तिला शिव्या दिल्या.

यवतमाळच्या मोटारीत बसवायला ती पुसदच्या स्टँडवर गेली. लालीबाई तिळाचे लाडू घेऊन आली होती. प्रभावती खिडकीशी बसली. खाली उभ्या असलेल्या एका म्हातारीनं सहज विचारलं, "कोन चालली व?"

"माही पोरगी," रुखमाबाई म्हणाली. "ट्रेनिंगले चालली. मास्तरीण होनार हाये."

म्हातारी 'बरं बरं' म्हणून पुढं गेली. रुखमाबाईला तेवढ्यानं भागलं नाही. तिनं शेजारच्या केळीवाल्याला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं. मग पेट्या वर चढवणाऱ्या हमालाला सांगितलं, मग तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरला, "भाऊ, त्या खिडकीतली माही पोरगी हाये, तिले यवतमाळले नीट उतरवजा." बाकावरच्या दोन अनोळखी बायांना तिनं पोरीचं नाव, मार्क आणि आवडीनिवडी सांगितल्या. मोटार सुरू झाली, लोक वळून पाहायला लागले, लालीबाईनं तोंडाला पदर लावला.

"माय, पुरे झालं व," प्रभावती खिडकीतून वाकून म्हणाली. "लोकं हासून राह्यले!"

"हासू दे त्याईले," रुखमाबाई म्हणाली, आणि मोटारीबरोबर चालत चालत वाटेत जो भेटेल त्याला सांगत राहिली.